गवती चहाचा अर्क काढायचा तर आच सांभाळा

पानं पाण्यात उकळली की सुगंधी अर्क तयार, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उघड्या पातेल्यातून वास हवेत जातो आणि हाती नुसता काढा उरतो.

शिकायला गवती चहा उत्तम. त्याच्या तेलात सिट्रल, म्हणजे लिंबासारख्या वासाचं द्रव्य, भरपूर असतं, त्यामुळे वास सहज ओळखता येतो. हे तेल पातीच्या आतल्या पेशींत असतं, म्हणून पात बोटभर लांब कापा. पुदिन्याचं तेल पानावरच्या ग्रंथींत असतं; त्याला चिरायची गरज नाही. मोगऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्याचा वास उष्णतेने बिघडतो.

पातेल्यात लिटरभर पाणी, पाण्याच्या बरीच वर जाळी, मधोमध रिकामी वाटी, भोवती पाव किलो पात. घुमटाकार झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ वाटीवर येईल. झाकणात बर्फ भरा, म्हणजे पातीतून वर आलेली वाफ गार होऊन मुठीवरून वाटीत ठिबकेल.

आता आच. माझे पहिले कितीतरी प्रयत्न इथेच फुकट गेले. जास्त वास हवा म्हणून मी गॅस मोठा ठेवायचे आणि वाटीत शिजलेल्या गवताच्या वासाचं पाणी साचायचं. सिट्रल एकटं 200 अंश सेल्सिअसच्याही वर उकळतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 अंशांच्या आतच निघून येतं. आच वाढवून काहीच मिळत नाही. उलट उसळलेलं पाणी पातीवर उडतं, पात शिजते, झाकण तापतं आणि सुगंधी वाफ कडेने पळून जाते.

म्हणून पाण्याला उकळी फुटली की आच अगदी मंद करा आणि कान द्या. वाटीत थेंब एकेक मोजता येतील असे टपटपायला हवेत. कडेने वाफ दिसली, तर आच अजून मोठी आहे. बर्फ वितळला की पळीने पाणी काढून नवा बर्फ घाला. किती जमलं ते बघायला झाकण उचलाल तर तेवढा वास गेलाच म्हणून समजा.

पाऊण तासाने बंद करा. पुढचे थेंब बहुतेक पाण्याचेच असतात.

वाटी गार झाल्यावर उजेडात तिरकी धरा: वर पिवळसर, चकाकता तवंग दिसेल. तेच तेल. चमचाभर तरी निघेल अशी आशा धरू नका. ताज्या पातीत ते वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतं. तवंग ड्रॉपरने वेगळा काढा, तसाच त्वचेला लावू नका, आग होते. गडद काचेची बाटली आधी उकळून कोरडी करा, तिच्यात तवंगाखालचं पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि चादरींवर, उशांवर फवारायला दोनेक आठवड्यांत वापरून टाका.