राधाबाईंची भाऊबीज

कुमारांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेताय आणि विषय सूडाचा आहे? मग आधी माझी फजिती ऐका.

मी निवडलं संताजी घोरपड्यांचं मरण. 1696 मध्ये संताजी आणि धनाजी जाधव एकमेकांवरच चालून गेले. धनाजींकडचे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती लागले आणि त्यांना हत्तीच्या पायी दिलं गेलं. अमृतरावांची बहीण राधाबाई म्हसवडच्या नागोजी मान्यांना दिलेली. त्यांनी नवऱ्यामागे सूडाचा धोशा लावला, असं सांगतात. जून 1697 मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर आंघोळ करणाऱ्या संताजींना नागोजींनी गाठलं.

पहिल्या खर्ड्यात माझे नागोजी मिशा पिळायचे आणि राधाबाई पानापानावर दातओठ खायच्या. संपादकबाईंनी बाड परत दिलं. म्हणाल्या, "हिचा भाऊ गेलाय ना? मग ही एकदाही रडत कशी नाही?"

मी गप्प. भाऊ गेलेली बाई मी लिहिलीच नव्हती.

मग मधल्या दिवाळीचा प्रसंग रचला. भाऊबीजेला ओवाळायला कुणी नाही, म्हणून राधाबाई अंगणात येऊन चंद्राला ओवाळतात. बोलत काहीच नाहीत. याला कागदोपत्री आधार नाही, हे मनोगतात सरळ लिहून टाकलं. तुम्हीही लिहा, मुलांना कल्पित काय आणि घडलेलं काय, हे कळायला हवं.

क्षमेने मात्र फार छळलं. मी एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा पोरगा घुसवला होता, तो राधाबाईंना "माफ करा त्यांना" असं सांगायचा. पुतणीला वाचून दाखवलं तर ती फिस्सकन हसली. "हा काय शाळेच्या गॅदरिंगमधला मुलगा आहे?" खरंच होतं ते. त्या काळातला पोरगा धनीणबाईंना उपदेश करेल? चाबूक खाईल.

तो संवाद काढला आणि जुनी घटना आणली. याच संताजींनी 1695 मध्ये दोड्डेरीच्या गढीत उपाशी कोंडलेल्या मोगली फौजेला खंडणी ठरवून जिवंत सोडलं होतं. याला क्षमा म्हणू नका, तो सौदा होता. पण मोतद्दाराला आता एक प्रश्न मिळाला: शत्रूला सोडलं, मग आपल्या माणसाला का नाही? तो प्रश्न त्याने राधाबाईंना विचारला नाही, घोड्याला खरारा करताना घोड्यालाच विचारला. पुतणी त्या पानावर हसली नाही. उत्तर मी दिलेलं नाही.

बारीकसारीक गोष्टीही पाहा. 'पाच मिनिटांत' लिहाल तर पकडले जाल, तिथे घटका आणि प्रहर हवेत.

आणि रक्ताचं काय? संताजींचं शिर नेलं गेलं, हे लपवू नये. पण दहा वर्षांच्या वाचकाला ते दाखवायचीही गरज नाही. त्या मोतद्दार पोराच्या हाती फक्त तोबरा दिला, घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. तो उचलायला गेला, तर नेहमीपेक्षा जड लागला.