‘बहिर्मुख’ म्हणताना या चुका टाळा

लग्नाचा बायोडेटा, नोकरीचा अर्ज, शाळेचं प्रगतिपुस्तक: इथे अख्खा स्वभाव एका शब्दात उरकायचा असतो, आणि घोळ इथेच होतो.

सगळ्यात मोठी गल्लत ‘बहिर्मुख’ आणि ‘मनमिळाऊ’ यांची. बहिर्मुख ही मानसशास्त्रातली संज्ञा. बहिर्मुख-अंतर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ च्या ग्रंथात सविस्तर मांडली. ज्याचं लक्ष आणि उत्साह बाहेरच्या माणसांकडे, घडामोडींकडे वळतो तो बहिर्मुख. तो वागायला चांगला की वाईट, हे त्यातून कळत नाही. असा माणूस भांडकुदळही निघू शकतो. मनमिळाऊ म्हणजे इतरांशी जुळवून घेणारा. विरार लोकलमध्ये टाळ घेऊन भजनाला पहिला सूर लावणारा बहिर्मुख असेल, पण तिघांच्या बाकावर चकार शब्द न काढता सरकून चौथी सीट देणारा मनमिळाऊच. स्थळासाठी लिहिताना ‘बहिर्मुख’ कोरडा वाटतो, डॉक्टरच्या रिपोर्टमधला. तिथे ‘बोलकी, माणसांत रमणारी’ लिहा.

‘अंतर्मुख’ मात्र दोन कामं करतो. ‘ती अंतर्मुख आहे’ हा स्वभाव. ‘नाटक पाहून ती अंतर्मुख झाली’ म्हणजे स्वतःविषयी विचार करू लागली. दुसऱ्या वाक्यावरून तिला अबोल ठरवू नका. उलट, जुन्या अध्यात्मपर लेखनात ‘बहिर्मुख’ म्हणजे विषयसुखांत गुंतलेला. तिथे ती तक्रार असते, कौतुक नव्हे.

कौतुक करायला जाऊन टोमणा मारला जातो तो ‘बोलघेवडा’मुळे. त्यात नुसतं बोलणं आहे, करणं नाही. ‘आगाऊ’त मर्यादा ओलांडल्याचा ठपका आहे. मुंबईत सर्रास चालणारा ‘बिनधास्त’ बेफिकीर धिटाई सांगतो. एकटं राहणारा माणूसही बिनधास्त असतो. आणि बहिर्मुखच्या उलट म्हणून ‘माणूसघाणा’ तर मुळीच लिहू नका. त्याला माणसं नकोशी असतात. अंतर्मुखाला ती हवी असतात, फक्त थोडी आणि थोडा वेळ. लाजाळूपणा हे तिसरंच प्रकरण: लाजाळू माणसाला गर्दी आवडतही असते, पण बोलायची भीती वाटते.

आता लेखन. बहिः आणि मुख यांच्या संधीत विसर्गाचा र् होतो, म्हणून रफार ‘मु’वर आणि ‘हि’ ऱ्हस्व. मोबाइलवर र नंतर पायमोडका चुकला की ‘बहिरमुख’ उमटतं आणि वाचणाऱ्याला बहिरेपणा आठवतो. ‘बहिर्मुखी’ हिंदीच्या वळणाने येतं. मराठीत ‘बहिर्मुख’ पुरे. ‘मनमिळाऊ’ला शेवटी ऊ, टिकाऊ-शिकाऊसारखा, ‘मनमिळावू’ नको. हा शब्द लिंगवचनाने बदलत नाही: मनमिळाऊ मुलगा, मनमिळाऊ मुलगी, मनमिळाऊ मुलांना. ‘बोलका’ आणि ‘मनमोकळा’ मात्र बदलतात: बोलकी मुलगी, मनमोकळ्या मुलांना.