लॅव्हेंडरने माना टाकल्या? झारी उचलण्याआधी या चुका टाळा

सकाळी बघावं तर लॅव्हेंडरचे शेंडे खाली झुकलेले, बुंध्याजवळची पानं पिवळी पडलेली. हात आपसूक झारीकडे जातो आणि नेमकं तिथेच रोप हातचं जातं. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. माती ओली लागली तर रोप तहानलेलं नाही, त्याची मुळं गुदमरली आहेत. सतत ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं असूनही रोप सुकतं.

माझं पहिलं रोप मी असंच घालवलं. ते जितकं सुकत गेलं, तितकं मी पाणी घालत गेले. शेवटी कुंडीतून काढलं तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून यायची. निरोगी मूळ पांढरट आणि टणक लागतं.

वेळीच लक्षात आलं तर पाणी थांबवा, रोप बाहेर काढा, कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापा आणि कोरड्या, मोकळ्या मिश्रणात लावा. पुढे पाणी द्यायचं ते वरची माती पूर्ण सुकल्यावरच, पण तेव्हा भरपूर, तळातून वाहून जाईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडणं वाईट. नवं लावलेलं रोप मात्र मुळं धरेपर्यंत अगदी कोरडं पडू देऊ नका.

हे झुडूप मूळचं भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचं. पानांवरची करडी लव तिथल्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणूनच असते. त्यामुळे पाणी धरून ठेवणारं कोकोपीट भरलेली कुंडी त्याला मानवत नाही. मातीत साधारण निम्मी खरखरीत वाळू किंवा बारीक खडी मिसळा. चिकणमातीत बारीक वाळू घातली तर उलट ती आणखी घट्ट होते. मातीचा सामू (pH, म्हणजे ती किती आंबट किंवा खारी आहे याचं माप) 6.5 ते 7.5 च्या आसपास असावा. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो, हा समज सोडून द्या. पाणी त्या थराच्या वरच्या मातीतच अडून राहतं. निचरा सगळ्या मिश्रणातच हवा.

खताच्या बाबतीतही हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, फांद्या लांबून आडव्या पडतात आणि फुलं कमी येतात. रोज 6 ते 8 तास थेट ऊन हवंच. घरात शोभेला ठेवलेलं रोप हळूहळू विरळ होत जातं. दमट हवेत इंग्लिश लॅव्हेंडर लवकर रुसतं. त्यापेक्षा करवती कडांच्या पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर अशा हवेत जरा बरं टिकतं. तरी दोन रोपांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवाच.

आता छाटणी. लोक इथे दोन टोकं गाठतात. काही जण जीव होत नाही म्हणून कात्रीच लावत नाहीत. तीन-चार वर्षांत झुडूप मधून उघडं पडतं, खाली नुसती काटकी आणि वर चार पानं. मग घाबरून एकदम बुडाशी छाटतात आणि ते मरतं, कारण जुन्या लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही. बहर संपला की दरवर्षी साधारण एक तृतीयांश छाटा, आणि प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पानं राहतील याची काळजी घ्या. पानं दिसतात तिथवरच कात्री, त्याखाली नाही.

काटकी झालेलं जुनं झुडूप पुन्हा तरुण होत नाही, पण त्याची नवी रोपं करता येतात. फूल नसलेल्या फांदीचे 8 ते 10 सेंमीचे शेंडे घ्या, खालची पानं काढा आणि किंचित ओलसर वाळूत खोचून थेट उन्हाआड ठेवा. काही आठवड्यांनी अगदी हलकेच ओढून बघा. शेंडा मातीला धरून राहिला तर मुळं फुटली आहेत.