सिंक्रोनस काउंटर कागदावर उलटा मोजतोय? मग हे वाचा

गेट, के-मॅप, अ‍ॅडर, मल्टिप्लेक्सर इथवर बहुतेकांचं बरं चाललेलं असतं. इनपुट दिलं, आउटपुट बघितलं, विषय संपला. मग सिक्वेन्शियलचं युनिट सुरू होतं, आउटपुट फिरून इनपुटला येतं, आणि त्याच मुलांना आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. ढ नसता हो. एकच गोष्ट कुणी धड सांगितलेली नसते आणि ती न कळल्यामुळे पुढचं सगळं पाठ करावं लागतं.

मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेले, त्यामुळे हा विषय मला दोनदा होता. दोन्ही वेळा मार्क चांगले. ट्रुथ टेबल, एक्सायटेशन टेबल, कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन, सगळं तोंडपाठ. तरी कुणी समोर बसून "हा दोन बिटांचा काउंटर चालवून दाखव" म्हटलं की घाम फुटायचा. आता पुण्यात आरटीएल (चिपच्या लॉजिकचा कोड) लिहिते, दिवसभर फ्लिप-फ्लॉपच (एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट) बघते. पण ते व्हायव्हाचं टेबल आठवलं की अजून पोटात गोळा येतो. लॅच म्हणजे काय, एसआर, डी, जे-के, टी यांची टेबलं कशी, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ते कुठल्याही गाइडात मिळेल.

तर तो काउंटर. दोन जे-के फ्लिप-फ्लॉप, दोघांना एकच क्लॉक. पहिल्याला ए म्हणू. त्याचे जे आणि के दोन्ही १ ला बांधलेले, म्हणजे प्रत्येक एजला (क्लॉक ० वरून १ ला, किंवा निगेटिव्ह एज असेल तर १ वरून ० ला, जातो तो क्षण) तो उलटणार. दुसरा बी, त्याच्या जे आणि के दोन्हींना ए चं आउटपुट दिलेलं. वाचायचं आधी बी, मग ए. सुरुवात ००. एज आली. आता सांगा.

बहुतेक जण असं सांगतात: ए उलटला, १ झाला. बी च्या जे-के ला १ मिळाला, म्हणून बी पण उलटला. ११. पुढची एज: ए ० झाला, बी ला ० मिळाला, बी तसाच राहिला. १०. पुढची: ए १ झाला, बी उलटून ० झाला. ०१. पुढची: ००. म्हणजे ०, ३, २, १. क्रम सरळ, चार स्टेट, एकही गाळलेली नाही, मॉड-४ अगदी व्यवस्थित. फक्त काउंटर खाली मोजतोय, आणि पुस्तकात त्याच आकृतीखाली 'सिंक्रोनस अप काउंटर' असं छापलंय.

हा सापळा वाईट आहे तो याच कारणाने: उत्तर वेडंवाकडं येत नाही. वेडंवाकडं आलं असतं तर माणसाने थांबून डोकं खाजवलं असतं. इथे तो म्हणतो छपाईची चूक असेल, किंवा निगेटिव्ह एज असल्यामुळे असं होत असेल, आणि पुस्तकातलं वेव्हफॉर्म जसंच्या तसं उतरवून मोकळा होतो. मी हेच करत होते.

बरोबर विचार असा. एज आली तेव्हा बी कशाकडे बघतो? ए आता काय झालाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एज यायच्या आधी ए काय होता, तेवढंच तो बघतो. आधी ए ० होता, म्हणून बी जागचा हलत नाही, ए एकटा उलटतो: ०१. दुसऱ्या एजच्या आधी ए १ होता, म्हणून दोघंही उलटतात: १०. तिसरीच्या आधी ए ०, बी तसाच, ए उलटला: ११. चौथीच्या आधी ए १, दोघं उलटले: ००. मोजा आता. ०, १, २, ३.

परत सांगते, कंटाळा आला तरी वाचा. एकाच क्लॉकवरचे सगळे फ्लिप-फ्लॉप एकाच क्षणी जुनं चित्र बघतात आणि मग सगळे मिळून नवीन होतात. "आधी हा बदलला, मग तो बदलला" अशी भाषा तोंडातून आली की समजा, गडबड झाली. लेझीम डोळ्यांसमोर आणा: हलगीचा ठोका पडला की प्रत्येकाने आपल्या पुढच्याचा ठोक्याआधीचा पवित्रा घ्यायचा असं ठरलंय. पुढचाही त्याच ठोक्याला बदलतोय. ठोका पडल्यावर त्याच्याकडे बघत राहिलात, तर सगळी रांग एकाच ठोक्यात एकच पवित्रा घेऊन उभी राहणार. शिफ्ट रजिस्टरमध्ये (एकापुढे एक जोडलेले डी फ्लिप-फ्लॉप) पहिल्या डी ला दिलेला १ एका क्लॉकमध्ये शेवटपर्यंत का पळत नाही, याचं उत्तर तेच आहे. आणि फ्लिप-फ्लॉपच्या जागी साधे डी लॅच लावलेत, एनेबल १ करून ठेवलंत, तर तो खरंच पळतो. एजची भानगड हवी कशाला, असा प्रश्न पडत असेल तर यासाठी. लक्षात ठेवणं हा या सर्किटचा सोपा भाग आहे. दोन व्हॅक्यूम ट्यूब एकमेकींना जोडून ते करणाऱ्या एक्लेस आणि जॉर्डन यांचा पेटंट अर्ज १९१८ सालचा आहे. केव्हा बदलायचं आणि केव्हा नाही, तिथे खरी मारामारी.

कागदावर हे करायची एक पद्धत आमच्या लॅबच्या काकांनी शिकवली. (सरांनी नाही. माझं मत विचाराल तर सिक्वेन्शियल शिकायचं असेल तर ज्याने पंधरा-वीस वर्षं ट्रेनर किट दुरुस्त केलेत त्याच्याजवळ बसा. फळ्यावर 'का' विचारल्यावर परत तेच टेबल लिहिणाऱ्यापेक्षा तो बरा.) टायमिंग डायग्राममध्ये प्रत्येक अ‍ॅक्टिव्ह एजवर उभी पट्टी ठेवायची. इनपुट पट्टीच्या डावीकडचं वाचायचं, आउटपुट पट्टीच्या उजवीकडे काढायचं. एका एजवर सगळ्या ओळींचं वाचन पूर्ण होईपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही. इतकंच. परीक्षेत पट्टी हलवताना बाजूचा हसला तर हसू द्या.

आता, हार्डवेअर हे पाळतं कसं? जादू नाहीये. ७४एलएस७४ (दोन डी फ्लिप-फ्लॉपची आयसी, बोलताना नुसतं ७४७४) ची डेटाशीट उघडा. सेटअप टाइम २० नॅनोसेकंद: एजच्या इतका वेळ आधीपासून डी स्थिर हवा. होल्ड टाइम ५ नॅनोसेकंद: एजनंतरही इतका वेळ तो हलता कामा नये. क्लॉकपासून आउटपुट बदलायला लागणारा वेळ, टिपिकल, ० वरून १ ला जाताना १३ आणि १ वरून ० ला येताना २५ नॅनोसेकंद. म्हणजे ए चं नवीन आउटपुट बी च्या दारात पोचतं तेव्हा बी ची बघायची वेळ केव्हाच संपलेली असते. 'जुनं बघतो' या वाक्याच्या मागे हा एवढाच फरक उभा आहे, काही नॅनोसेकंदांचा. इंटरव्ह्यूला सेटअप-होल्ड विचारतात तेव्हा नुसती व्याख्या म्हणू नका, हे सांगा. कमाल फ्रिक्वेन्सीही इथूनच येते. वर्स्ट केस घेतली तर आउटपुटला ४० आणि सेटअपला २०, मध्ये एकही गेट नसताना ६० नॅनोसेकंद झाले, म्हणजे साधारण १६ मेगाहर्ट्झ. सेटअप मोडत असेल तर क्लॉक हळू करून वाचता. होल्ड मोडत असेल तर क्लॉक कितीही हळू करा, काही उपयोग नाही, कारण त्या हिशोबात क्लॉकचा पिरियड येतच नाही. हे वाक्य मला नोकरी लागल्यावर कळलं. तुम्हाला आत्ता कळलं, खूश व्हा.

आणि म्हणूनच क्लॉकच्या वायरीत अँड गेट घुसवायचा शॉर्टकट करू नका. 'एनेबल ० असताना क्लॉकच बंद' हे ऐकायला गोड वाटतं. पण त्या गेटमुळे एका फ्लिप-फ्लॉपला एज उशिरा पोचते आणि तेवढ्यात शेजाऱ्याचं नवीन आउटपुट आत शिरू शकतं. शिवाय एनेबल भलत्या वेळी हलला की अर्धवट पल्स तयार होते ती वेगळीच. एनेबल डी च्या बाजूने द्या. कंपन्यांमध्ये क्लॉक गेटिंग करतात, हो, पण त्यासाठी लॅच बसवलेला वेगळा सेल असतो. सीनियरने "चालतं रे" म्हटलं तरी तुम्ही करू नका.

आता गंमत. ७४७४ घ्या. दोन्ही डी आपापल्या क्यू-बारला (आउटपुट क्यू च्या उलटं आउटपुट) जोडा. पहिल्याला क्लॉक द्या, पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या क्लॉकला. हा झाला रिपल काउंटर. ७४७४ पॉझिटिव्ह एजवर चालतो, त्यामुळे ए ० वरून १ झाला की बी उलटतो. ००, ११, १०, ०१. ओळखीचं वाटतंय? वरचा चुकीचा विचार इथे बरोबर आहे, कारण इथे खरोखरच आधी ए बदलतो आणि त्याच्या बदलण्यामुळे मग बी बदलतो. तुमचं डोकं ठीक होतं. तुम्ही सिंक्रोनस सर्किटला रिपलचा नियम लावत होता. आपल्याकडे अभ्यासक्रमात बहुधा रिपल आधी शिकवतात, तीच सवय पुढे लागते. मला विचाराल तर क्रम उलटा करायला हवा, पण मला कोण विचारतंय. (७४७४ वर रिपल वर मोजायला हवा असेल तर पुढच्याला क्यू-बार द्या. व्हायव्हात हे हमखास येतं.)

रिपलमध्ये आणखी एक काटा आहे. निगेटिव्ह एजचा तीन बिटांचा काउंटर ३ वरून ४ ला जाताना थेट जात नाही. ०११, मग ०१०, मग ०००, मग १००. मधले दोन आकडे काही दहा नॅनोसेकंदच टिकतात, एलईडीला पत्ता लागत नाही. पण त्या आउटपुटांवर डीकोडर लावून त्याचं आउटपुट कुणाच्या क्लिअरला किंवा क्लॉकला दिलं असेल, तर त्याला ते दिसतात. किटवर 'कधी चालतं, कधी नाही' असं झालं की आधी इथे बघा.

नोकरीत हाच सापळा व्हेरिलॉगचा (हार्डवेअर लिहायची भाषा) वेष घेऊन येतो. क्लॉक्ड ऑलवेज ब्लॉकमध्ये आधी ए उलटवलात, पुढच्या ओळीत 'ए १ असेल तर बी उलटव' लिहिलंत, आणि दोन्हीकडे ब्लॉकिंग असाइनमेंट (ओळ चालली की किंमत लगेच बदलते) वापरलीत, तर दुसऱ्या ओळीला नवीन ए दिसतो आणि काउंटर खाली मोजतो. त्याच दोन ओळी नॉन-ब्लॉकिंगने (सगळ्या ओळी जुनं वाचतात, मग एकदम बदलतात) लिहा, वर मोजतो. 'क्लॉक्ड ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंगच वापरायचं' हा नियम सगळ्यांना पाठ असतो. का, असं विचारलं की समोरचा छताकडे बघतो. तुम्ही वरचा काउंटर सांगा.

रेस-अराउंडबद्दल थोडक्यात. जे-के दोन्ही १ आणि फ्लिप-फ्लॉप एजऐवजी क्लॉकच्या लेव्हलवर चालणारा असेल तर क्लॉक १ असेपर्यंत आउटपुट उलटत राहतं. गेटचा डिले दहा-वीस नॅनोसेकंद आणि १० किलोहर्ट्झच्या क्लॉकचा वरचा अर्धा ५० मायक्रोसेकंद, बघा किती वेळा उलटेल ते. शेवटी काय राहील हे नशिबावर. मास्टर-स्लेव्ह (एकामागे एक दोन लॅच) हा त्यावरचा उपाय, पण मास्टर-स्लेव्ह आणि एज-ट्रिगर्ड एकच समजू नका. जुना साधा ७४७६ मास्टर-स्लेव्ह आहे. त्याचा क्लॉक वर असताना जे किंवा के वर क्षणभर आलेला १ तो पकडून ठेवतो. ७४एलएस७६ए निगेटिव्ह एजवर चालतो. आयसीवरचे आकडे नीट वाचून घ्या.

किटवरची बाकीची रडारड पटकन सांगते. क्लॉकला साधं पुश बटण लावलंत तर एकदा दाबल्यावर काउंटर एकाने न जाता तीन-चारने उडी मारेल. आयसी खराब नाही, बटणाचे पत्रे काही मिलिसेकंद थडथडतात आणि फ्लिप-फ्लॉपला ती प्रत्येक थडथड एज वाटते. टू-वे स्विच आणि दोन नँड गेटचा एसआर लॅच लावा, एसआर लॅच शिकून काय उपयोग याचंही उत्तर मिळेल. सिम्युलेटरमध्ये हे कधीच दिसत नाही. म्हणूनच फक्त सिम्युलेटरवर शिकलेली मुलं पहिल्या प्रॅक्टिकलला रडकुंडीला येतात. प्रीसेट आणि क्लिअर मोकळे सोडू नका, ७४७४ ला पिन १, ४, १० आणि १३, एक किलोओहममधून ५ व्होल्टला बांधा. मोकळा टीटीएल इनपुट १ सारखा वागतो खरा, पण हात जवळ नेला की रुसतो. आणि पॉवर नेहमी १४ आणि ७ ला नसते. ७४७६ ला ५ वर व्हीसीसी, १३ वर ग्राउंड. ७४९० ला ५ आणि १०. सवयीने कोपऱ्यातल्या पिनांना जोडलंत तर आधी आयसी तापेल, मग तुम्ही.

डिझाइनचे प्रश्न, म्हणजे स्टेट डायग्राम, एक्सायटेशन टेबल, के-मॅप, सरावाने होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त मॉड-६ ला ११० आणि १११ या दोन न वापरलेल्या स्टेटमध्ये डोन्ट केअर (० किंवा १, काहीही चालेल) टाकून मोकळे होऊ नका. इक्वेशन आल्यावर त्या दोन्ही स्टेट परत चालवून बघा. तिथून काउंटर मूळ चक्रात परत येत नसेल, आपापसातच फिरत बसत असेल, तर ते लॉकआउट. पॉवर चालू केल्यावर काउंटर कुठल्या स्टेटमध्ये उठेल ते तुमच्या हातात नसतं. तोंडपाठ के-मॅपवाल्यांचे मार्क इथे जातात.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर ७४एलएस७४ चार तरी घ्या, सोबत क्लॉकसाठी ५५५ टायमर, थोडे एलईडी आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. ५५५ एक हर्ट्झच्या आसपास लावा, ७४७४ वर आधी रिपल, मग तेच दोन फ्लिप-फ्लॉप आणि एक एक्स-ऑर गेट घेऊन सिंक्रोनस बांधा: बी च्या डी ला ए आणि बी चा एक्स-ऑर, ए च्या डी ला त्याचाच क्यू-बार. प्रत्येक एजच्या आधी पुढचा आकडा कागदावर लिहा, मग एलईडी बघा. पहिल्या दिवशी चुकेल. दुसऱ्या दिवशी कदाचित पण.