जलसंपदा डॅशबोर्ड वापरण्याचे प्रशिक्षण कसे द्यावे

जलसंपदा डॅशबोर्ड म्हणजे पाऊस, पाणीसाठा आणि भूजल यांचे आकडे व आलेख एकत्र दाखवणारा संगणकाचा पडदा. त्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात पडद्यावरील बटणांपासून न करता, समोर बसलेल्या माणसाला कोणता निर्णय घ्यावा लागतो या प्रश्नापासून करावी. शेतकऱ्याला सिंचनाची पाळी कधी मिळेल हे पाहायचे असते, तर पाणीपुरवठा अभियंत्याला साठा किती दिवस पुरेल हे. म्हणून दोघांचे सराव वेगळे ठेवावेत.

सर्वाधिक वेळ एकके आणि आलेखांच्या वाचनाला द्यावा, कारण खऱ्या चुका तिथेच होतात. 1 चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 घनमीटर पाणी, हे गणित प्रत्येकाकडून कागदावर करून घ्यावे. भूजलपातळी जमिनीपासूनच्या खोलीत दिलेली असेल, तर 6 मीटरवरून 9 मीटरवर गेलेला आकडा वाढ नव्हे, घट दाखवतो. येथे अनुभवी माणसेही फसतात. पर्जन्यमापकाची रिकामी नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हेही प्रत्यक्ष नोंद उघडूनच दाखवावे.

माउस मात्र प्रशिक्षणार्थीच्याच हाती राहू द्यावा. पंधरवड्याने पुन्हा भेटून कोणता तक्ता कुणीच उघडला नाही हे विचारावे आणि त्यामागचे कारण नीट ऐकून घ्यावे.