लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी समुद्र शिकत होते

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. गावी गेले की आजी म्हणायची, "आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई, अन् तू समुंदर शिकून काय करतीस गं?" तेव्हा मला उत्तर देता यायचं नाही. आता मी सागरी मासळीवर संशोधन करते आणि आपल्या भागातली मुलं-मुली फोन करून विचारतात, समुद्र न पाहिलेल्याला हे जमतं का? जमतं. मी स्वतः समुद्र पाहिला तो विसाव्या वर्षी.

बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन. मग चार वर्षांची बी.एफ.एस्सी. म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, प्रवेश परीक्षा देऊन एम.एफ.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी, पुढे नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेवर बहुतेकांचा डोळा असतो. एवढं कुणीही सांगेल. बंदरावर काय करावं लागतं, ते मात्र आधी कळलेलं बरं.

देशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी किती मासळी उतरली, हा आकडा सगळ्या बोटी मोजून येत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेची माणसं काही बंदरं, काही दिवस आणि त्या दिवशीच्या काही बोटी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडतात. त्यांवरची मासळी जातवार नोंदवतात आणि त्यावरून पूर्ण किनाऱ्याचा हिशेब मांडतात. वर्गात हे अनेकांना जड गेलं. मला नाही गेलं, कारण आमच्या रानात पीक कापणी प्रयोग झालेला. सोयाबीनचा एक तुकडा दोरीनं आखला, तेवढाच कापला, वजन केलं आणि अशा मोजक्या तुकड्यांवरून अख्ख्या मंडळाचं उत्पादन ठरलं. तुकडा नीट निवडला नाही तर पीकविम्याचं काय होतं, हे अण्णांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मराठवाड्याच्या लेकरांनी ही समज कमी लेखू नये.

पहाटे ससून डॉकवर लिलाव पुकारायच्या आत मोजमाप उरकावं लागतं. "मावशी, दहा मिनिटं द्या." "मोज गो, पन बरफ नको काढू." ओल्या हातानं पट्टीवर बांगडा ठेवायचा, आकडा ओरडून सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा. एम.एफ.एस्सी.ला माझी चूक इथंच झाली. माशाची लांबी तीन तऱ्हांनी घेतात. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत, किंवा शेपटी सोडून. मी टोकापर्यंत मोजत होते. मी तापानं पडले तेव्हा माझ्या जागी गेलेल्या मुलानं खाचेपर्यंत मोजलं. वहीत दोघांनीही नुसतं 'लांबी' लिहिलं. पुढं लांबी-वजनाचा आलेख काढला तर ठिपके दोन रेघांत फाटलेले. कोणत्या दिवशी कोण होतं, तेही नीट लिहिलेलं नव्हतं. तीन महिन्यांची आकडेवारी टाकून द्यावी लागली. त्या रात्री मी खूप रडले.

नवी मुलं एच-इंडेक्सबद्दल फार विचारतात. संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती संदर्भ दिला, हे सांगणारं हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवलं. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, तर तुमचा एच-इंडेक्स निदान दहा. नोकरीला ते बघतात, आपल्याकडं नियतकालिकाचा नास स्कोअर, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं त्याला दिलेले गुण, तेही बघतात, त्यामुळं दुर्लक्ष करू नका. पण डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. उष्ण समुद्रातल्या माशांचं वय हाडांवरच्या वर्तुळांवरून काढणं कठीण जातं. म्हणून त्यांनी १९८० च्या सुमारास नुसत्या लांबीच्या नोंदींवरून वाढ काढायची पद्धत सहकाऱ्यांबरोबर तयार केली. महागडी यंत्रं नसलेल्या प्रयोगशाळांना ती परवडली, म्हणून ती जगभर गेली. पुढं रेनर फ्रोझे यांच्यासोबत त्यांनी उभारलेला फिशबेस, म्हणजे जगभरच्या माशांच्या माहितीचा संगणकीय साठा, आज आम्ही रोज उघडतो. त्यांचं काम लोकांच्या उपयोगी पडलं, म्हणून संदर्भ मिळत गेले.

संशोधनाचा आणखी एक परिणाम कुठल्याच मापात बसत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि ठरावीक आकारापेक्षा लहान मासे पकडू नयेत असा नियमही आणला. तो आकार ठरवायला मासा किती लांबीचा झाल्यावर अंड्यावर येतो, हे माहीत असावं लागतं. त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं माशांची पोटं उघडून तपासलेली असतात. नियमात त्यांचं नाव नसतं. मला त्या कामाचा फार आदर आहे.

तर आता समुद्राची वाट बघत बसू नका. सुट्टीत गावाजवळच्या तलावावर सकाळी जा, मच्छीमार संस्थेच्या माणसांना विचारून पन्नास रोहू मोजा आणि तोला. लांबी-वजनाचा आलेख काढा. लांबी दुप्पट झाली की वजन आठपटीच्या आसपास गेलेलं दिसेल. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, मोजणाऱ्याचं नाव आणि लांबी कुठून कुठपर्यंत घेतली, हे आधी लिहा.