हशा आला तरी थांबायचं नाही: ड्रम कोअरमध्ये येऊ पाहणाऱ्या पथकवाल्यांसाठी

पथकात वाजवलेली मुलं-मुली शिकायला अमेरिकेत आली, की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात कुणीतरी त्यांना ड्रम कोअरचा, म्हणजे मैदानावर कवायत करत ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवणाऱ्या, स्पर्धेत उतरणाऱ्या पथकाचा व्हिडिओ दाखवतंच. मग मला मेसेज येतो, "ताई, हे आपल्याला जमेल ना? ढोल तर येतोच." जमेल. हाताला वजन असतं, उन्हात तासन्‌तास उभं राहायची सवय असते, कमरेला ढोल बांधून चालता येतं. हे सगळं उपयोगी पडतं. घात होतो तो भलत्याच ठिकाणी, आणि ते ऑडिशनच्या पॅकेटमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

आधी वयाचं उरकते. या स्पर्धा घेणारी मोठी संघटना म्हणजे डीसीआय (ड्रम कोअर इंटरनॅशनल). तिच्या वर्ल्ड क्लासला, सगळ्यात वरच्या गटाला, वयाची अट 21 पर्यंतची, म्हणजे एमएसला आलेल्या बहुतेकांना ते दार बंद. ऑल-एज, म्हणजे सगळ्या वयांच्या कोअरना ती अट नाही. त्यांची डीसीए ही वेगळी संघटना होती, 2024 च्या मोसमापासून ती डीसीआयमध्येच ऑल-एज क्लास म्हणून आली. हिवाळ्यात कॅम्प, मग शनिवार-रविवार तालमी, उन्हाळ्यात शो. पैसे आपणच भरायचे, मिळत काही नाही. वर्ल्ड क्लासची फी काही हजार डॉलरमध्ये जाते, ऑल-एजची त्यामानाने झेपण्यासारखी असते.

आता मुद्द्याचं. तुमच्या कोअरचा शो विनोदी निघाला तर काय करायचं?

नवीन माणसाला वाटतं, गंभीर शो अवघड आणि गमतीचा सोपा. गंभीर शोमध्ये ओळखीची चाल नसते, चेहरे दगडासारखे, शेवटी कुणीतरी मैदानावर कोसळतं. गमतीच्या शोमध्ये टोप्या उडवायच्या, मजा करायची. हा समज डोक्यातून काढून टाका. मी न्यू जर्सीकडच्या एका ऑल-एज कोअरमध्ये बास ड्रम वाजवते, दोन्ही तऱ्हेचे शो केलेत, आणि रडायची वेळ आली ती विनोदी शोच्या तालमीत.

का, ते नीट सांगते, कारण यातच सगळे फसतात.

पाच बास ड्रम असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत. एकाच धावत्या ओळीतले ठोके पाच जणांत वाटलेले असतात. तुमच्या वाट्याला एकच ठोका येतो, पण तो अचूक त्याच जागी पडायला हवा, नाहीतर ओळ ऐकणाऱ्याला दात पडल्यासारखी वाटते. आमच्या शोमध्ये गंमत अशी बसवलेली होती: ओळ वरून खाली येते, तिसऱ्या ड्रमवर ठोका पडतच नाही, सगळे थांबतात. पहिल्या मात्रेला चौघांनी एकदम तिसऱ्याकडे बघायचं. तिसरा ड्रम माझा. दुसऱ्या मात्रेला मी काहीच करायचं नाही. तिसऱ्या मात्रेला हातातल्या मॅलेटकडे, ड्रमच्या काठीकडे बघायचं. चौथीच्या अर्ध्यावर एकच ठोका, आणि लगेच पुढच्या एकला सगळं ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, अंगावर येतं.

कागदावर चार मात्रा. लय 120 ची, म्हणजे उणेपुरे दोन सेकंद.

तालमीच्या मैदानावर हे जमलं. मग प्रेक्षक आले. कुठे मान वळताच हशा पिकायचा, कुठे मॅलेटकडे बघितल्यावर, आणि एका गावात कुणी हसलंच नाही. आपल्यासारख्या माणसाचं अंग इथे दगा देतं. आपण नाटकं बघत वाढलेलो. चांगला नट हशा पूर्ण होऊ देतो, मग पुढचं वाक्य टाकतो, हे आपल्या रक्तात आहे. त्यात पथकाची सवय. मिरवणुकीत चौकातली गर्दी पेटली की ताशा चढतो, टोल चढतो, ढोल त्यांच्या मागे जातो, आणि त्यात काही चूकही नसतं. गर्दी हाच तिथला अर्धा ताल असतो. इथे हशा आला की हात आपोआप थोडा थांबतो, टाळ्या आल्या की आपोआप त्यांच्याबरोबर जातो. दोन्हींत मरण आहे.

टाळ्यांचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण 91 मीटर. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो. मैदानाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि 120 च्या लयीत ती अर्ध्या मात्रेपेक्षा मोठी चूक झाली. स्टँडमधला माणूस आधीच उशिरा पोहोचलेला आवाज ऐकून टाळी वाजवतो, ती टाळी परत मैदानावर यायला आणखी उशीर. म्हणजे तुमच्या कानात पडणारी टाळी ही थोड्या वेळापूर्वीच्या तुमच्याच ठोक्याची शिळी बातमी असते. तिच्या मागे गेलात की लय ओढली जाते, ब्रास एकीकडे, ड्रम दुसरीकडे, आणि मैदानाच्या पुढे एका जागी राहून वाजवणाऱ्या पिटवाल्यांना कुणाचं ऐकावं कळत नाही. ते बिचारे मागच्या ड्रमलाइनचं ऐकून वाजवत असतात.

त्यावर उपाय एकच. पाय चालू ठेवायचे, ड्रमलाइनच्या मधोमध उभ्या स्नेअरवाल्याला (स्नेअर म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम) कान द्यायचा, आणि समोरून हातानं लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरचे हात सांगतील ती मात्रा खरी मानायची. बासवाले तसेही आडवे उभे असतात, तोंड मैदानाच्या टोकाच्या गोल-लाइनकडे, प्रेक्षक खांद्याच्या बाजूला. त्याचा फायदा घ्या. हशा खांद्यावरून जाऊ द्या. आमच्या ड्रमच्या शिक्षकांनी तर तालमीत स्पीकरवर हशा आणि टाळ्या लावल्या, मुद्दाम बेताल, आणि तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. तेव्हा राग आला होता. मी तुम्हाला तेच करायला सांगते: मेट्रोनोम एका कानात, घरातला टीव्ही मोठ्यानं, आणि सरावाच्या पॅडवर वाजवा. यूट्यूबवर 'पंधरा मिनिटांत स्नेअर' छापाचे व्हिडिओ बघण्यात जो वेळ घालवता तो इकडे लावा. त्या व्हिडिओंनी हात सुटत असतील, कान सुटत नाही.

घाबरू नका मात्र. पथकवाल्यांना हे इतरांपेक्षा लवकर जमतं, कारण गोंगाटात वाजवायची भीती आपल्याला मुळातच नसते. फक्त कुणाचं ऐकायचं, ते बदलायचं.

आता दुसरा वाद, तो तुम्हाला पहिल्या कॅम्पच्या जेवणाच्या रांगेतच ऐकू येईल. जुने बिगुलवाले म्हणतील, आमच्या वेळी लोक खुश होऊन घरी जायचे, आता सगळं जजांसाठी. तरुण मंडळी म्हणतील, प्रेक्षकांना काय कळतं. दोघांनाही अर्धंच कळलंय, असं माझं मत.

ड्रम कोअरमधलं गांभीर्य आलं ते लष्करी मुळांमधून. माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यूच्या शाखांनी हे कोअर वाढवले. गणवेशाची तपासणी, झेंड्याला मान, रांग सरळ. 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरला डीसीआयची पहिली स्पर्धा झाली ती कोअरना आपले नियम आपण ठरवायचे होते म्हणून. त्यानंतर चारच वर्षांत न्यू जर्सीच्या बेयोनचे ब्रिजमन लांब पिवळे कोट आणि रुंद काठाच्या टोप्या घालून उतरले, आणि एका शोच्या शेवटी अख्खा कोअर मैदानावर बेशुद्ध पडल्यासारखा कोसळला. त्या जुन्या शिस्तीच्या पोटात मारलेली ती कोपरखळी होती, म्हणून लोक एवढे हसले. आणि जुनी मंडळी सांगायचं विसरतात ती गोष्ट अशी, की 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रमसाठीचं पहिलं बक्षीस याच ब्रिजमननी नेलं. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचे वेल्वेट नाइट्स लाल कापडी बूट घालून, मैदानावर खोटा शार्क सोडून हसवायचे, तेही अंतिम फेरीच्या बारा कोअरमध्ये यायचे. विदूषकी करणारे हात कच्चे नव्हते.

उलट बाजूही बघा. 1993 ला स्टार ऑफ इंडियाना या कोअरनं बार्बर आणि बार्टोकच्या संगीतावर इतका कोरडा, टोकदार शो केला की काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत ते शंभरपैकी 97.3 गुणांवर थांबले, पहिल्या आलेल्या कॅडेट्सना 97.4. एका दशांशानं गेलं. त्यानंतर ते स्पर्धेतून बाहेर पडले आणि त्यांच्याच मंडळींनी उभा केलेला रंगमंचीय कार्यक्रम 2001 ला ब्रॉडवेला पोहोचला, रंगभूमीचं टोनी पारितोषिक घेऊन आला. म्हणजे 'प्रेक्षकांना गंभीर चालत नाही' हेही खोटं. 2008 ला फँटम रेजिमेंटनं गुलामांच्या बंडाचा शो केला, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि स्टेडियम त्यांच्याबरोबर ओरडत होतं. ब्लू डेव्हिल्स या कोअरवर त्यांची सरशी फक्त 0.025 गुणांनी झाली.

गुणांचं गणित तुम्हाला कुणीतरी समजावेलच. शंभरातले 40 जनरल इफेक्टचे, म्हणजे शोच्या एकूण परिणामाचे, 30 दृश्याचे, 30 संगीताचे. 'लोक हसले' असा रकाना त्यात नाही. पण इफेक्टचा जजही माणूसच असतो. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हशा येतो, आणि हशानंतर तुमचा ठोका वेळेवर पडला की नाही तेही येतं. त्याला गंमत आवडली आणि पुढची एंट्री फाटली, असं झालं तर तो आवडणं विसरतो.

प्रेक्षक एकच नसतो, हेही डोक्यात ठेवा. जूनमध्ये एखाद्या गावच्या शाळेच्या मैदानावर आलेल्या लोकांना शेजारच्याचा मुलगा ट्रम्पेट वाजवतोय एवढंच ठाऊक असतं. त्यांना ओळखीची चाल हवी, शेवटी मोठा आवाज हवा. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियमला बसणाऱ्याने तोच शो आधी ऑनलाइन पाहिलेला असतो. तो तुमच्या गमतीवर हसत नाही, तो गेल्या आठवड्यात काय बदललं ते बघतो. ऑल-एजच्या शोला येणारे म्हातारे स्वतः वाजवून गेलेले, ते भर शोमध्ये नावानं हाका मारतात. गंमत जूनमध्ये फसली म्हणून डिझाइनरवर रागावू नका, ऑगस्टपर्यंत ती दोनदा बदलते. आणि तुम्ही स्वतःहून तिच्यात भर घालू नका. एखाद्या संध्याकाळी खूप हशा मिळाला की दुसऱ्या दिवशी भुवई थोडी जास्त उडवावीशी वाटतेच. ती उडवायची नाही. भुवईसुद्धा बसवलेली असते.

गुरूंबद्दल एक सांगते, पटलं तर घ्या. "मजा करा, बाकी आपोआप येईल" म्हणणारा शिक्षक गोड असतो, पण त्याच्या हाताखाली पहिलं वर्ष काढू नका. "प्रेक्षकांकडे लक्षच देऊ नका" म्हणणाऱ्याच्या हाताखालीही नको, त्याची मुलं मैदानावर मेल्यासारखी दिसतात. जो तुमचा ठोका आणि तुमची मान एकाच वाक्यात दुरुस्त करतो तो शोधा. ऑडिशनला गेलात की पार्किंग लॉटमध्ये त्यांची ड्रमलाइन गरम होताना जवळ उभे राहा. शिक्षक काय बोलतात त्याहून ते कधी गप्प बसतात ते बघा.

शो निवडायचा अधिकार तुम्हाला नसतो, कोअर निवडायचा असतो. म्हणून ऑडिशनआधी दोन-तीन कोअरचे गेल्या काही वर्षांचे शो बघा, एकदा वरच्या रांगेतून घेतलेला व्हिडिओ, एकदा खालून. वरून ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या रांगांची रचना दिसते, खालून चेहरे. विनोदी शोमध्ये चेहरे स्वच्छ आणि पाय एका मात्रेत असतील तर तिथे जा. चेहरे सैल दिसले तर फी भरण्याआधी विचार करा, कारण दोन सेकंदांच्या त्या हशासाठी अख्खा मे महिना तुम्हीच उन्हात उभे राहणार आहात. टोपी, पाण्याचा मोठा जग आणि कानात घालायचे प्लग पहिल्या कॅम्पला सोबत न्या. प्लग न्यायला कुणी सांगत नाही. पथकात आपण ते कधी वापरले नाहीत आणि बऱ्याच जणांच्या कानांना आता ते कळतंय.